ओक्कम्माकडे राहिलेली तुझी वाक्यं

प्रिय अक्का,

दसरा झाला की ओक्कम्मा निघणार. आधी मद्रास, तिथून बोट आणि मग तिचा तो कोरिया. रेशमाच्या कारखान्यातल्या जपानी साहेबाचा करार संपला, तेव्हा त्याच्या कुटुंबाबरोबर आलेली, बायकांना तार काढायला शिकवणारी ही बाईही चालली. ती जायच्या आत मला तिच्याकडून एक गोष्ट काढून घ्यायची होती. काल ती मिळाली. म्हणून बाबांच्या रंगाच्या पिंपांमागे बसून तुला लिहिते आहे. रागाने लिहिते आहे, हे आधीच सांगून ठेवते.

नवरा गेल्यावर तू माहेरी परत आलीस आणि आपण दोघी कारखान्यात जाऊ लागलो, ते दिवस आठवतात का ग तुला? उकळत्या पाण्याच्या कढईशी तू, कोशांतून तार काढत. समोर रहाट फिरवायला मी. तार तुटली की मी थांबायची, तू 'हं' म्हटलंस की पुन्हा फिरवायची. दिवसभर तुझं तोंड माझ्यासमोर असायचं. मला त्याहून काही नको होतं.

मग ओक्कम्मा आली ती पायाने फिरणारा रहाट घेऊन! एकच बाई पायाने रहाट फिरवणार आणि हाताने तार काढणार. समोर बसायला मी कशाला हवी? मला घरी पाठवलं आणि मी पुन्हा निळीत हात घालून बसले. तुझ्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. उलट संध्याकाळी येऊन पायाचा रहाट किती हलका चालतो तेच सांगत बसलीस. मला काय करायचं होतं त्या रहाटाचं?

त्यात तुला तिची भाषा शिकायचं खूळ लागलं. दुभाषी अय्या सदा साहेबाच्या मागे, आणि ओक्कम्माला कानडीची चार अक्षरं येईनात. बायकांना तिचं म्हणणं सांगायला कुणीतरी हवं होतं हे मला कळतं. पण ते तूच का व्हायचं?

घरी भाकऱ्या थापताना तुझी पुटपुट चालायची. खाऊन बघ. उघडून दे. जावं लागतं. विणता येतं. पाऊस आला तर येणार नाही. मी चिडले की म्हणायचीस, "सुम्ने, गप बस ग चंदी, स्वल्प ऐकून तर बघ. आपल्यासारखीच आहे. खाणं, येणं, जाणं सगळं शेवटी येतं. आपण 'खाऊन'ला 'बघ' जोडतो, तीही तस्संच जोडते." इतकं सगळं आपल्यासारखं होतं तर आपल्यात काय कमी होतं, हे मी विचारलं नाही. तू हसली असतीस.

आणि तो घोटाळा! त्यांच्यात मोठ्या माणसाशी बोलायची तऱ्हा वेगळी, बरोबरीच्यांशी वेगळी. ओक्कम्मा तुझ्याहून बरीच मोठी. हे ठाऊक असून एक दिवस जीव लावून तू तिला 'तू' केलंस, कारण आपल्या घरात अहो-जाहो फक्त बाबांना, आईला आणि थोरल्या बहिणीला 'तू'च. ती जी उठून गेली ती तुझ्या कढईकडे फिरकेना. शेवटी आईने चिरोटे करून दिले आणि अय्यांनी तिला समजावलं की या लोकांत जिच्यावर सगळ्यात जास्त माया, त्या आईलाच 'तू' म्हणतात. ती विरघळली. तेव्हापासून तुला तेवढी मोकळीक मिळाली, कारखान्यातल्या दुसऱ्या कुणाला नाही. मला काय झालं म्हणून सांगू! 'तू' म्हणण्याइतकं जवळचं माणूस घरात बसलं होतं ना ग? बाहेर कशाला शोधायला गेलीस?

तरी तेही मी गिळलं असतं. पण तुला ताप आला, तो चढत गेला, आणि शुद्ध हरपल्यावर तू पुटपुटलीस ती तिच्या भाषेत, एक शब्द सुटा ऐकू येईना. आई घाबरली, हे कानडीही नाही, मराठीही नाही. ओक्कम्मा उशाशी बसून हळू आवाजात उत्तरं देत होती. मी पायाशी. माझी अक्का शेवटचं काय बोलते आहे ते एका परक्या बाईला कळत होतं आणि मला नाही. माणसाने हे कसं सोसायचं? अय्यांना मध्ये घालून विचारण्यासारखी ही गोष्ट नव्हे.

म्हणून तुझे तेरा दिवस उरकले तशी मी तिच्या दारात जाऊन बसले. मला शिकव, असं खुणेनं सांगितलं. तिने शिकवलं, पण कपाळाला आठ्या घालून. माझ्या वाक्याचा शेवट जरा कमी आदराचा झाला की हातातलं काम थांबवायची आणि मी नीट म्हणेपर्यंत बघायचीही नाही. तुझी मोकळीक मला कुठून मिळणार? वाक्यं मात्र माझ्या नावाची द्यायची. चंदीला गूळ आवडतो म्हणून आणला. चंदी यायच्या आधी भात करून ठेवायला हवा. चंदीने भांडण केलं तर मी बोलणार नाही. समोर बसलेल्या मुलीचं नाव सोपं पडत असेल, असं मला वाटायचं.

काल मी सगळं जुळवून, आदराने विचारलं, अक्का तापात काय सांगत होती?

तिने तांदूळ निवडणं थांबवलं. म्हणाली, काही सांगत नव्हती, शिकलेली वाक्यं म्हणत होती. शेवट चुकत होती, मी दुरुस्त करत होते.

दुरुस्त करत होती! आणि मी पायाशी बसून जळत होते, की हिला माझ्या बहिणीच्या मनातलं कळतं आहे! कुठली वाक्यं, म्हणून विचारलं. तेव्हा ती सावकाश, मला समजेल असं बोलली.

"तुला शिकवते तीच. ती माझी नाहीत. मी तऱ्हा सांगायचे, वाक्य तुझी अक्का करायची. प्रत्येकात चंदी. एकदा तरी माझं नाव घाल म्हटलं. घातलं नाही. तुला ओळखत नव्हते तेव्हापासून मला तुझा राग येतो."

खरं सांगू अक्का? मला आधी रडू आलं नाही. आधी जिंकल्यासारखं वाटलं. मग तिच्याकडे पाहिलं. ती तांदळात बोटं फिरवत होती आणि निवडत काहीच नव्हती.

त्या वाक्यांत एक 'पोगो शिपॉ' पण आहे. चंदीला बघावंसं वाटतं. आठवण येते म्हणायला ते लोक असंच म्हणतात. रोज संध्याकाळी दिसत होते ना मी तुला? मग कढईशी बसून मला बघावंसं कसलं वाटत होतं? आणि वाटत होतं तर मराठीत सांगायला काय झालं होतं? मी केवढी सुखात राहिले असते!

'पाऊस आला तर' इथपर्यंत तू पोचली होतीस, असं ओक्कम्मा म्हणते. तुला वचन देते, मी त्याच्या पुढे जाईन. तुझ्याहून चांगली बोलेन. आणि वाक्यं करीन ती सगळी तुझ्यावर, ऐकणाऱ्याला कंटाळा येईपर्यंत. फक्त एक सोडून. दसऱ्याला तिच्या हातात सोनं म्हणून बन्नीची पानं देताना एक वाक्य म्हणणार आहे. ते आजपासून घोकते आहे. त्यात ओक्कम्माचं नाव आहे, आणि तू कुठेच नाहीस. बघ कसं वाटतं ते.

तुझीच,
चंदी