तीन काळे ठिपके

३ जानेवारी
बाळ, तुझी कंबर कशी आहे? जावईबापूंचा खोकला हटला का? नातीला दात आले? माझे गुडघे कुरकुरतात, बाकी ठणठणीत. आज कामाला लागलो. दुर्बिणीनं आतडं तपासायची खोली. दुर्बिणी धुऊन टांगायच्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काका, तान्ह्या पोराला न्हाऊ घालावं तशी नळी धुता की. ही वही तुझ्यासाठी. भरली की पाठवीन.

११ जानेवारी
बाईंनी आतड्यातल्या गाठींच्या चित्रांचं पुस्तक दिलं. रोज थोडं उतरवून काढतो. देठाची गाठ अळंबीसारखी, कुणालाही दिसते. चपटी लबाड. घडीआड शेवाळासारखी पसरते, वर चिकट थर. पाण्यानं धुतल्याशिवाय दिसत नाही. मग तिच्याखाली औषध टोचायचं. फुगून वर आली तर तारेच्या फासानं काढायची. नाही उचलली गेली तर ओढाताण करायची नाही. शेजारी काळी शाई टोचून खूण करायची आणि सर्जनकडे पाठवायचं.
तुझ्या आईला नेणारी गाठ चपटीच असणार. कुणी धुऊन पाहिलंच नाही.

२० जानेवारी
एक शिंपी आला. आतड्यात आधीच शाईचे तीन काळे ठिपके. पूर्वी कुठे तपासलं, असं बाईंनी विचारलं. तो म्हणाला, बाई, मी आजवर दातसुद्धा कुणाला दाखवले नाहीत. बाईंनी धुऊन पाहिलं. गाठ नाही.

२१ फेब्रुवारी
शिंपी परत आला. ठिपके गेले. त्याच जागी तळहाताएवढी चपटी गाठ. टोचली, उचलली नाही. महिन्यात एवढी वाढत नाही, बाई म्हणाल्या. हात धुतच राहिल्या.

६ मार्च
भाजीवाली. तेच तीन ठिपके. बाईंनी आठच दिवसांनी बोलावलंय.

१४ मार्च
आठ दिवसांत गाठ. उचलली नाही — बाई आता थट्टा करत नाहीत.

१९ मार्च
तुझं पत्र आलं. थोडं रक्त पडलं म्हणून तिकडेच तपासून घेतलंस. सगळं साफ, नुसते तीन काळे ठिपके. बाबा, तुमच्या खोलीतली शाई इथवर आली की काय, असं गमतीनं लिहितेस.
पत्रावर तारीख दहाची. नऊ दिवस —

दुपारी
तुझा फोन नुसता वाजतो. कुणी उचलत नाही.
ही पानं फाडून आत्ताच पोस्टात टाकतो. पुन्हा तपासून घे. धुऊन बघा म्हणावं. उचलली नाही तर ओढू नका म्हणावं. आईला मी तपासायला उद्या जाऊ, उद्या जाऊ म्हणत —
पत्र मिळताच लिही. दोन ओळी. एक तरी लिही, नुसतं बरी आहे एवढं, म्हणजे मी —