मलम की इंजेक्शन, हे मलाही विचार

बारामती,
मंगळवार, २ डिसेंबर २०२५

चि. केयूर यास राजेश्वरीमावशीचा आशीर्वाद.

मंगळवार, ११ नोव्हेंबर रोजी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी काकांना आत ठेवून तू मला तुझ्या तपासणीच्या खोलीतून बाहेर काढलंस. वेळ तुझ्याच भिंतीवरच्या घड्याळातली आहे. नोकरीभर मी मुलांना वर्गाबाहेर उभं केलं, मला कोणी बाहेर काढायची ही पहिलीच वेळ. "मावशी, तू जरा बाहेर बस ना, पुरुषांचं बोलणं आहे," असं म्हणून वर हसलास. तुझी नर्स मात्र आतच राहिली. ती पुरुषांत कधीपासून मोडते?

घरी सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे. ठीक नाही. तुझ्या पूर्वीला सहामाही परीक्षा कशी गेली ते कळव, लेकीच्या अभ्यासाकडे बापाने लक्ष द्यावं. फोन करत नाही, कारण फोनवर तू "हो मावशी, हो मावशी" म्हणतोस आणि लगेच तुझा पेशंट येतो.

काकांचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली. कॅन्सर गेला, त्याबरोबर ताठरपणाही गेला. गोळ्यांचा उपयोग झाला नाही. पुण्याच्या सर्जननी उरलेले मार्ग सांगितले : मलम, नाहीतर लिंगात घ्यायचं इंजेक्शन. शब्द मुद्दाम लिहिते आहे. त्या दिवशी माझ्यासमोर तू "तिथे, तिथे" करत होतास. मूत्ररोगतज्ज्ञ ना रे तू? मी शिकले त्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी पुनरुत्पादनाच्या धड्याची पानं टाचण्यांनी बंद केली होती. मी तोच धडा वर्गाचं दार सताड उघडं ठेवून शिकवला. तुलाही शिकवला, तरी ही गत.

आम्ही दोघं बोलून, वाचून आलो होतो. मलमाला सुई नाही, त्यामुळे धास्ती कमी, हे मला मान्य. पण ज्यांच्या नसांना ऑपरेशनमध्ये धक्का लागला त्यांना त्याचा गुण कमी येतो, असं सर्जनच म्हणाले होते. इंजेक्शन जास्त भरवशाचं, पण त्याची जबाबदारीही मोठी. पहिला डोस दवाखान्यात, डॉक्टरच्या देखरेखीखाली, अगदी थोडा. टोचायची जागा बदलत राहायची. चार तासांनीही ताठरपणा उतरला नाही तर लाज गुंडाळून ठेवून हॉस्पिटल गाठायचं. सुईची भीती म्हणशील, तर साखरेसाठी रोज सकाळी त्यांच्या पोटात इन्सुलिन मीच टोचते, ते पेपर वाचत असतात. मग हे दुसरं इंजेक्शन मला शिकता येईल का? हृदयाच्या गोळीबरोबर चालेल का? हे विचारायचं होतं. सगळे प्रश्न पाण्याच्या मशीनशेजारच्या बाकावर माझ्याबरोबर बसून राहिले.

ते मलमाची ट्यूब घेऊन बाहेर आले. "चल" म्हणाले.

मलम वापरून पाहिलं, पुन्हाही पाहिलं. जळजळीखेरीज काही झालं नाही. त्यांना झाली आणि मलाही झाली. मला कशी, हे समजायला तुझी एमबीबीएसची पदवी पुरेल. असं होऊ शकतं हे बायकोला सांगायला बायको खोलीत असावी लागते.

त्यानंतर एका सकाळी डाळिंबाची छाटणी आहे म्हणून ते वरकुट्याला धाकट्या भावाकडे गेले. ते अजून परत आलेले नाहीत.

पत्र इथेच संपवणार होते. डॉक्टरची तक्रार म्हणून एवढं पुरे होतं. पण रविवारी मी एसटीने वरकुट्याला जाऊन आले.

माझे दीर सर्जेराव बांधावरच भेटले. "वैनी, भांडान झालंय का तुमचं? दादा आल्यापास्नं बागंत टेकू लावत बसलाय. छाटणी कवाच झाली. जेवाय बोलावलं तर म्हणतो भूक न्हाय. साखरेचं इंजेक्शन सोता टोचतोय, त्ये बी वाकडं."

"तुमचे दादा सरळ काय करतात?" मी म्हटलं. "तुम्ही चहाचं बघा, आम्ही येतो."

"व्हय व्हय, निवांत या," म्हणून ते हसत घराकडे गेले.

हे झाडाखाली सुतळी घेऊन बसले होते. मला बघून उठले नाहीत. मी सरळ विचारलं, "केयूर काय म्हणाला त्या दिवशी?"

"मलम बघा म्हणाला."

"आणखी?"

सुतळीची गाठ आवळली. मग म्हणाले, "इंजेक्शननं होईलही म्हणाला. पण कुणासाठी करायचं, काका? मावशीला या वयात त्यात काय उरलंय? तुमचं मन राखायला हो म्हणत असेल. तिला कशाला त्रास?"

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"बरोबर आहे म्हणालो."

"मला विचारायचं होतं."

"तू बाहेर होतीस, मॅडम."

केयूर, पुढचं लिहायच्या आधी मी दोनदा उठून गॅस बंद आहे का बघून आले.

मला हवं आहे. त्यांचं मन राखायला नाही, मला स्वतःला. चौसष्टाव्या वर्षी. मलमाने, सुईने, की नुसतं एका खोलीत झोपून, ते आम्ही दोघं ठरवू. पण मला काही नको, हे तू कुठल्या पुस्तकात वाचलंस? ऑपरेशननंतर ते बाहेरच्या खोलीत झोपायला गेले. तुझ्याकडून आल्यावर गावाला गेले. आता आणखी लांब कुठे जातील याची मला भीती वाटते. जेवत नाहीत, हे तू डॉक्टर म्हणूनही ऐक.

शाळेची दोन वर्षं तू आमच्या क्वार्टरमध्ये होतास. कांजिण्या आल्या तेव्हा कडुलिंबाच्या पाण्याने तुझं अंग यांनी पुसलं. "बायकांचं काम आहे" म्हणून बाहेर जाऊन बसले नाहीत.

बागेत मी त्यांना तोंडावर सांगितलं, मला हवं आहे. सर्जेराव ऐकतील इतक्या मोठ्याने सांगितलं. हे काय म्हणाले असतील? "तू चांगली आहेस म्हणून म्हणतेस." माझ्या शब्दाला आता त्यांच्याकडे किंमत नाही. त्यांची सगळी नोकरी वालचंदनगरला कारखान्याच्या तपासणी खात्यात गेली. त्यांच्या हाताखालून जाणाऱ्या यंत्राच्या एखाद्या भागावर 'बाद' म्हणून लाल पट्टा पडला, की तो दुसऱ्या कोणी पुसलेला चालत नसे. ज्याने मारला त्यानेच पुन्हा तपासून, लेखी देऊन काढायचा. तुझ्या काकांवर लाल पट्टा तू मारला आहेस. मी पुसून तो निघत नाही.

म्हणून तू त्यांना पत्र लिहायचं आहेस, तुझ्या लेटरहेडवर, सहीनिशी : मावशीला न विचारता मी तिच्या वतीने बोललो, ते चूक होतं. त्याखाली आम्हा दोघांना एकत्र भेटायची तारीख दे आणि खोलीत तीन खुर्च्या मांड. तपासून इंजेक्शन त्यांना योग्य नाही असं ठरलं, हृदयाच्या गोळीमुळे म्हण की आणखी कशामुळे, तर तसं समोर बसवून सांग. मी ऐकून घेईन. फक्त वय हे कारण देऊ नकोस.

पत्र शनिवार, ६ डिसेंबर, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. तुझ्या माणसाबरोबर पाठव. रविवारी पहिल्या एसटीने मी ते वरकुट्याला घेऊन जाणार आहे. नाही आलं तरी जाणार आहे, पण मग त्यांना तिथून पुण्याला दुसऱ्या डॉक्टरकडे नेईन, आणि का नेलं हे तुझ्या आईला मी माझ्या भाषेत सांगेन. माझी भाषा विनया लहानपणापासून ओळखते.

तोंडी निरोप नको. लेखी उत्तर. शनिवार, पाचच्या आत.

तुझी मावशी आणि तुझ्या पेशंटची बायको,
राजेश्वरी