बापाने आधी बाथरूम मागितलं

बाबा, ऑफिसात माझ्यासमोर एक डच माणूस बसतो आणि मला त्याचा फार हेवा वाटतो. रिटायरमेंटला आलाय बिचारा, स्वभावानेही चांगला आहे. त्याचे वडील रॉटरडॅमच्या गोदीत कामगार होते, तुम्ही नागपूरच्या मिलमध्ये. तेवढ्यावरून आमचं जमलं. इथे कॅनडात, मिसिसागात एअरपोर्टच्या बाजूला आमचं ऑफिस, जवळपास खायला धड काही नाही, म्हणून दोघं डबे उघडून गप्पा मारतो.

परवा तो सुट्टीवरून आला आणि फोनवर आपल्या गल्लीचे फोटो दाखवायला लागला. कामगारांची जुनी वस्ती ती. पूर्वी अंधारे जिने, भिंतींना ओल, आंघोळीला जागा नाही. त्याच्या लहानपणी महापालिका ती पाडायला निघाली, तेव्हा वस्तीतली माणसं मीटिंगांना जाऊन बसली. बांधायचं तर आमच्यासाठी बांधा, आम्हाला परवडेल अशा भाड्याने बांधा. काम होईपर्यंत त्यांना दुसरीकडे राहायला घर दिलं आणि मग परत आपल्याच गल्लीत आणलं. आता पुन्हा डागडुजी झालीय. स्वच्छ लाल विटा, खाली झाडं, आणि वर खिडकीत त्याची नव्वदीची आई. "माय डॅड वॉज ऑन द कमिटी," तो हसत म्हणाला, "फर्स्ट थिंग ही आस्क्ड फॉर वॉज अवर बाथरूम." मी "व्हेरी नाइस" म्हटलं. आणि अर्धा डबा तसाच बंद केला.

कारण आपल्या वस्तीच्या कमिटीत तुम्हीही होतात. रस्ता रुंद करायला आपलं विहार पाडलं, बुद्धाची मूर्ती ठेवायची कुठं म्हणून सगळे उभे होते, आणि कुणी काही बोलायच्या आत तुम्ही आपली एकुलती एक खोली देऊन टाकलीत. आई स्टोव्हवरचं भगोनं उतरवतेय, तुम्ही चौघं मूर्ती आत आणताय, मी दप्तर धरून दारात. "अन् आपण कुठं झोपाचं?" आई विचारते. "मावशीकडं. थोड्या दिवसांचा तं प्रश्न आहे," तुम्ही म्हणता. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची तुम्हाला हौसच होती.

मग पक्की घरं द्यायची म्हणून सर्व्हेवाले आले. ते आपल्या दाराशी आले तेव्हा आत वंदना चालू होती आणि तुम्ही पांढऱ्या कपड्यांत सगळ्यांच्या पुढे बसला होतात. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि आपली खोली विहार म्हणून लिहून घेतली. तुम्ही पाहिलंत, पण वंदना मधेच सोडून "इथं आम्ही राहतो" म्हणायला उठला नाहीत. पुढे सगळ्या वस्तीला घरं मिळाली, विहारालाही जागा मिळाली. आपल्याला काही नाही. आई भांडली की तुमचं एकच, "घर तं होऊन जाईन. विहार मोडलं असतं तं वस्ती फुटली असती." घर काही झालं नाही. आई शेवटी मावशीकडेच वारली.

आता इथली आपली मंडळी म्हणताहेत, ताई, जयंतीला तुमच्या बाबांच्या त्यागावर बोला. बोलेन. टाळ्याही पडतील. हे पत्र मात्र तिथे वाचायचं नाही आणि पाठवायला तुमचा पत्ता नाही, तेव्हा इथेच सांगून टाकते. घराचं दुःख उरलं नाही, माझं स्वतःचं आहे आता. पण मागच्या वर्षी मी नागपूरचं नवं विहार बघून आले. छान आहे, पोरं अभ्यासाला येतात. एक बाई तुमच्या फोटोपुढे उभी राहून डोळे पुसत मला म्हणाली, "आमचे बापच होते ते." मी कोण, हे तिला सांगितलं नाही. तुम्हाला बायको होती, मुलगी होती, हे ती आपणहून सांगते का, याची वाट बघत राहिले. तिला माहीतच नव्हतं.