अक्कांनी खारवलेली गाभोळी

भाद्रपद वद्य तृतीया, शके १८५६

अक्कांनी गाभोळीला, माशाच्या अंड्यांना, हात लावला! माझ्या सासूबाईंनी! गळ्यात तुळशीची माळ, माशाचा नुसता वास आला तरी आंघोळ करणाऱ्या अक्कांनी.

यांनी गळाला लावायला म्हणून गाभोळी खारवून गोठ्यात ठेवली होती. तिला पाणी सुटलं, वास येऊ लागला. हे धुळ्याला गेलेले. मी फेकायला निघाले, तर मागून अक्का म्हणाल्या, "फेकू नको. मीठ कमी पडनं."

आणि खाली बसल्याच. पाणी निथळलं, वरचा पातळ पडदा न फाटू देता गाभोळी मिठात घोळली, सावलीत फडक्यावर मांडली. किती सराईत ते हात!

"अक्का, तुम्हाला हे कसं..."

"मना बाप भोई व्हता, नदीमा मासा धरे. संवत छप्पनना मोठा दुकायमा, पस्तीस वरीस व्हयनात, पाटीलना दारमा माले सोडी गया. त्यासनी पोर म्हनीसन वाढावं. कोनले ठाव नही."

कोणालाच नाही? पोटच्या मुलालाही नाही? आणि मला का सांगितलं?

संध्याकाळी हे आले. फडक्यावरची गाभोळी पाहून खूश. "कोणी केलं हे?"

चुलीपुढे अक्कांचं भाकरी थापणं थांबलं.

"मी केलं," मी म्हणाले. "माहेरी शेजारी करायचे."

यांनी पुढे विचारलं नाही. नंतर आम्ही दोघी जेवायला बसलो. अक्का हळूच म्हणाल्या, "बापनं नाव काही याद येत नही माले."