रिकामी वाटी परत करू नये

इतवारी, नागपूर

माझी लाडाची बहीण देवकी, तुले बायजेचा पोटभर आशीर्वाद.

इथं सारे मजेत आहेत, माझे गुडघे सोडून. तुझा मोतिया पिकला म्हणून तुझी सून अंजू हे पत्र वाचून दाखवत असेल, तिलेही आशीर्वाद. ऑपरेशनचं तुले भेव वाटते वं, मले माहीत आहे. म्हणून या पत्रात त्याचं नावच काढत नाही (काढलं ते एवढंच).

सांगायची गोष्ट वेगळीच आहे. आमच्या गल्लीत एका कंपनीची पोरगी ओट्स विकायले येऊन राहिली, प्रीती नावाची. (ओट्स म्हणजे ज्वारीच्या कण्या सासरी जाऊन फिक्या पडल्या असं समज.) तिनं मले शिजवलेले ओट्स चांगल्या वाटीत दिले अन् म्हणे फुकट आहे आजी, वाटीही ठेवा. आता आपल्या मायनं कधी कोणाची वाटी रिकामी परत करू दिली का? मागावर विणाले सूत नसलं, घरात पैसा नसला तरी शेजारच्या वाटीत चिमूटभर साखर जायचीच. मी दुसऱ्या दिवशी वाटी घासली, तिच्यात कोथिंबीर ठासून केलेली सांबारवडी भरली अन् तिच्या हातावर ठेवली. पोरगी उन्हात उपाशीच उभी. खाऊन तिचे डोळे भरून आले (मिरची भिवापुरी होती). लाजेकाजे तिनं मले एक पुडा दिला. फुकटचा पुडा मले पचते का? मी बेसनाच्या पातोडीचा रस्सा नेला. तिनं मोठा पुडा काढला. असं चालूच राहिलं.

माझी नात गार्गी कॉलेजात जाहिरातीचं शिकते. ती म्हणे हे मानसशास्त्र आहे, फुकट दिलं की मनावर ओझं होते, मग माणूस विकत घेते. अन् शेवटचा पुडा राहिला म्हटलं की बाया धावतात, शेजारणीनं घेतला म्हटलं की आणखीच. मी ध्यानात ठेवलं.

पुडे जाऊन राहिले पण विक्री काहून नाही, म्हणून प्रीतीचा साहेब तपासाले आला. दारात आलेल्या माणसाले उपाशी कसं जाऊ देऊ? त्यानं रस्सा खाल्ला, टायनं नाक पुसलं अन् गाडीतून अख्खं खोकं आणून दिलं. गार्गी हसून हसून पलंगावरून पडली. "आजी, तू कंपनीवरच ओझं टाकलं," म्हणे. मले तर वरमाय झाल्यासारखं वाटून राहिलं.

आमचा संजीव तुमच्या कळमेश्वरले एमआयडीसीत ड्युटीले येते, त्याच्या हाती डबा पाठवला आहे. तुझ्या आवडीच्या सांबारवड्या आहेत. खा अन् माझी आठवण काढ.

तुझी मोठी बहीण,
बायजा

ता. क. वड्यांच्या खाली ओट्स आहेत. आमच्या घरी कोणी खाऊन नाही राहिलं.

आणखी एक. डबा रिकामा परत करत नसतात, हे तुले सांगाले नको. पण संजीवच्या हाती भरून देऊ नको, तो रस्त्यातच खाऊन टाकते. शुक्रवारी तूच घेऊन ये. धंतोलीच्या डोळ्याच्या डॉक्टरकडे एकच नंबर राहिला होता, तो तुझ्या नावानं लावला. शेजारच्या कुसुमावतीनं दोन्ही डोळे करून घेतले, आता सुईत दोरा ओवते.

अंजू, हे मनातल्या मनात वाच. नंबर पाहिजे तेवढे आहेत. बहीण मले एकच आहे. इथं काय लिहिलं विचारलं तर डब्याचंच आहे म्हण.