चुकलं की पुन्हा पहिल्यापासून

३ जानेवारी, अमरावती

शाळेत मेरीमातेची मिरवणूक संपली की रागिणी आणि मी प्रार्थनाघराच्या मागच्या पायऱ्यांवर बसून बोटांवर वाळलेलं मेण सोलत असू. तिचं अखंड निघायचं, माझे तुकडे पडायचे. सिस्टर हाका मारत राहायच्या आणि आम्ही ऐकूच आलं नाही असं दाखवायचो. आज सकाळी तिच्याच घरात, तिच्या लेकीच्या हातचा चहा घेताना हे आठवलं. रागिणीला जाऊन दोन वर्षं झाली. प्रतीक्षाची मान कलती करून हसण्याची लकब थेट आईची आहे.

मला घ्यायला ती बडनेरा स्टेशनवर आली होती. वरची खोली दिली आहे, भरपूर उन्हाची. रविवारी हुरडा खायला जायचं ठरलंय. निवृत्तीनंतर कुणाला माझं लॅटिन लागेल असं वाटलं नव्हतं. प्रतीक्षा काम करते त्या इथल्या कॉलेजच्या संगणक विभागाला लागलं. प्राचीन रोममध्ये देवांच्या मूर्ती खांद्यावर घेऊन कॅपिटोल टेकडीवरून रथशर्यतीच्या मैदानापर्यंत मिरवणूक जात असे. ती यांना पडद्यावर चालवायची आहे. जुने ग्रंथ वाचून त्यात काय काय असे ते मी सांगायचं.

विभागप्रमुख कुंदन नावाचा तरुण आहे. मिरवणुकीत सिंह होते का, हा त्याचा पहिला प्रश्न. नव्हते म्हटल्यावर त्याचा उत्साह निम्मा झाला.

११ जानेवारी

यांचं काम आता कळलं. रस्त्यांची रुंदी, टेकड्यांची उंची, घरांच्या भिंती, सगळं नकाशात भरलेलं. माणूस म्हणजे एक ठिपका. कुठल्या चौकातून देव किती दिसतो ते पिवळ्या रंगात उमटतं, आणि जिथे पिवळं जास्त तिथे भक्ती जास्त, असं कुंदन पाहुण्यांना सांगतो. गुडघे टेकून बसलेली म्हातारी डोळे मिटून घेते, तिचा रंग कोणता, असं मी विचारलं. त्याला प्रश्न समजला नाही.

ठिपके अडखळत नाहीत, थकत नाहीत. मला त्यांचा तिटकारा आला आणि मी नियम सांगितला. मिरवणुकीत नाचणारा थांबला, बासरी मध्येच बंद पडली, रथ हाकणाऱ्या मुलाच्या हातून लगाम सुटला, तर विधी बिघडला. तो सगळा पुन्हा पहिल्यापासून करावा लागे, निर्दोष होईपर्यंत. पुढे एका सम्राटाने या फेऱ्यांना मर्यादा घातली, हेही सांगितलं. प्रतीक्षाला नियम फार आवडला. तिने तो त्याच संध्याकाळी यंत्रात घातला. मर्यादा कुंदनने वगळली. उगाच गुंतागुंत नको म्हणाला.

१९ जानेवारी

आज भातकुलीला गेलो. ओझं घेऊन माणूस किती वेगाने चालतो हे यंत्राला शिकवायचं होतं. देवमन नावाच्या फूलवाल्याचा शेवंतीचा मळा आहे. मळ्याकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर, त्याच्या पांदणीत, लाकडी चौकट, तिच्यावर मोठा दगड, आणि खांदा द्यायला चौघे: देवमन, त्याचे शेजारी शेषराव आणि शेषरावांचे दोघे चुलतभाऊ. प्रत्येकाच्या दंडाला फोन बांधलेला. चाललं की चाल तिथल्या तिथे यंत्रात जाते. नाचणाऱ्यांच्या चालीसाठी प्रतीक्षा पुढे चालली, तिच्याही दंडाला फोन. कुंदन छत्री घेऊन सावलीत.

देवमन मिस्कील माणूस. म्हणाला, "म्याडम, देव कोठी हाये याच्यात? नुसता गोटा वाहून राहिलो आमी." शेषरावांनी त्याला सांगितलं, तुला उचलण्यापेक्षा असे दोन गोटे परवडले. सगळे हसले.

अर्ध्या वाटेवर देवमनच्या पायात काटा भरला. तो थांबला, सगळे थांबले. पुन्हा सुरुवातीपासून यायचं का, असं त्याने विचारलं. कुंदनने हात हलवला, मिळालं तेवढं पुरे म्हणाला. दगड तिथेच उतरवला आणि आम्ही परत आलो.

२७ जानेवारी

मिरवणूक पुरी होत नाही. पालखीच्या डाव्या दांडीखालचा, म्हणजे देवमनचा, ठिपका एका वळणावर थांबतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. दिवसभर तेच. कुंदन यंत्राला शिव्या देतो. आपणच थांबलेली चाल आपणच भरली, हे त्याच्या डोक्यात शिरत नाही.

दुपारी देवमनची बायको मैनाबाई आली. पदरात फुलं आणली होती आणि ती द्यायची विसरून गेली. म्हणाली, "बाई, माह्या माणसाले काय सांगून ठेवलं तुमी? रोज जेवला का पांदणीत जाते. खांदा वाकवून चालते, मंधातच थांबते, माघारी येते, पुन्हा चालते. काहून चालून राहिले म्हणलं, तर म्हन्ते, चुकलं ना व ते."

कुंदनने विचारलं, जास्तीची मजुरी हवी का. इतका बेशरमपणा मी फार दिवसांत पाहिला नव्हता. मैनाबाईला मी धीर दिला. उन्हाचा त्रास असेल म्हणाले. माझंही उत्तर काही त्याच्यापेक्षा बरं नव्हतं.

२ फेब्रुवारी

कुंदनने सकाळी देवमनचा ठिपका पुसून टाकला. दुपारी भातकुलीहून निरोप आला, देवमन पांदणीत पडला, उठला नाही.

आम्ही गेलो. त्याच्या खांद्यावर दांडीएवढा काळानिळा वळ होता. चौकटीला तर त्या दिवसानंतर कुणी हात लावलेला नाही.

योगायोग. मी हा शब्द लिहिला आणि मला माझाच राग आला.

४ फेब्रुवारी

आता शेषराव आणि दोघे भाऊही पांदणीत जातात. एका बाजूला कलून चालतात, डाव्या दांडीला माणूस नाही म्हणून. पडद्यावरही तसंच.

जेवताना प्रतीक्षाची खुर्ची हलत होती. वाकून पाहिलं. टेबलाखाली तिचे पाय चालत होते.

६ फेब्रुवारी

कुंदन अकोल्याला पळाला. आईचं दुखणं सांगून गेला, विभागाला कुलूप घालून, यंत्र आत चालूच. सोमवारी सकाळी तिथूनच सगळे ठिपके पुसणार म्हणाला, म्हणजे कटकट मिटेल. फोनवर मी विनवण्या केल्या — आयुष्यात प्रथम असल्या माणसाच्या. पुसू नकोस, ती सम्राटाची मर्यादा तेवढी घाल. त्याने मला डॉक्टरला दाखवायला सांगितलं. नंतर फोनच उचलला नाही.

सगळे ठिपके. त्यात सर्वांत पुढचा ठिपका प्रतीक्षा आहे.

भीती वाटते हे लिहायची लाज वाटते. ठिपक्यांची भीती.

७ फेब्रुवारी

प्रतीक्षा ताटावरून उठली आणि स्कूटी काढून गेली. मी रिक्षाने मागे. ती पांदणीत चालत होती, चप्पल नव्हती. हाक मारली — ऐकू आलं नाही की —

नियम मी सांगितलेला. निर्दोष झाली की संपते. डाव्या दांडीला माणूस हवा.

देवमनचा फोन मैनाबाईकडून मागून घेतला. दंडाला बांधला.

८ फेब्रुवारी, रविवार, भातकुली

आज पुरी व्हायला हवी. उद्या तो पुसेल.

चौकट आज पुन्हा उचलली. दगड जड आहे. माझी उंची कमी, म्हणून खांद्यावर उशी घेतली. पहिल्यांदा माझा गुडघा अडला. मग शेषराव खोकले. मग सगळं नीट, वळण पार झालं, आणि शेवटी प्रतीक्षा क्षणभर — बस, क्षणभर थबकली. पुन्हा पहिल्यापासून. मी आधी परतले, ते माघारी येतात तेवढ्यात लिहिते आहे. कुणी बोलत नाही. मलाही आता बोलावंसं —

खांद्यावर वळ आला आहे. उशीच्या आतून.

ही वही मैनाबाईपाशी ठेवते. माझ्या सोन्याच्या दोन बांगड्या त्यांनाच. दान नव्हे, तसं त्यांना सांगावं. मुंबईच्या घरातलं शिवणयंत्र शेजारच्या चंदाला. खिडकीतली झाडं खालच्या मजल्यावरच्या नीलमला, तिला पाणी घालायचं लक्षात राहतं. पुस्तकं शाळेला द्यावीत, सिस्टर घेतील. एकही पुस्तक कुंदनच्या विभागात जाऊ नये. त्याला काहीच देऊ नका, निरोपसुद्धा.

रागिणीची पत्रं प्रतीक्षाला. ती शेवटपर्यंत पोचली तर. तिला सांगा, मागे वळून बघू नको, मी दांडीखालीच आहे, आणि मी थांबले तर तू —

निघाली ती. शेषराव वाकले. पत्रं कपाटात, वरच्या —