सत्तेचाळीस परत आलंच नव्हतं

अहो,

हवाई दलाच्या नोकरीत असताना तुम्ही दर महिन्याला पत्र टाकायचात आणि खाली लिहायचात, "उत्तर पाठव." मी आळशी, चारातल्या एकाला उत्तर द्यायचे. आज मात्र आपणहून लिहायला बसलेय. उद्या सकाळी माझ्या माहेरी, चांदीपला तुमचं विमान कापायला माणसं येणार आहेत. त्याआधी मला तुम्हाला काही विचारायचंय.

तुम्हाला जाऊन चार महिने होतील. मी अजून रडले नाहीये. तेराव्यालासुद्धा नाही. आपल्या फुलपाड्यातल्या बायका माझ्या तोंडाकडे बघतात आणि आपसात कुजबुजतात. कुजबुजू देत! मी भाजी निवडते, पेपर वाचते, जेवते. दाताला भूल दिली की गाल आपला वाटत नाही ना, तसं झालंय सगळं.

आठवतं, लिलावातलं ते विमान ट्रेलरवर घालून आणलंत तो दिवस? इंजिन काढलेलं, काचा फुटलेल्या, एक पंख वेगळा बांधलेला. मी म्हटलं, "घरात बसायला धड खुर्ची नाही आणि हे धूड कशाला?" तुम्ही हसलात. "सुमन, हे माझं सत्तेचाळीस आहे. लढाईत मी स्वतःच्या हातांनी तयार करून पाठवलेलं. परत आलेलं." मग माझ्या भावाच्या, दामूच्या खळ्याशेजारी ते उभं राहिलं ते राहिलंच. गोखिवऱ्याच्या कारखान्यातून सुट्टी मिळाली की तुम्ही तिकडे पळायचात. दर दसऱ्याला झेंडूची माळ आणि शेपटीवरच्या ४७ ला नवा पांढरा रंग. ब्रशला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाहीत. मी म्हणायचे, हौसेला मोल नाही!

आता दामूला जागा हवीय. बिचारा किती वर्षं गप्प बसला. परवा म्हणाला, "बाय, भाताच्या आवनीच्या आधी ह्या इमानाचा काय त कर. दाजी व्हते तवर मी कदी बोललो का?" त्याचं काय चुकलं?

गिऱ्हाईक दोनच. एक गोखिवऱ्याचा भंगारवाला, गॅस कटर घेऊन तयार. दुसरे एका शाळेचे संस्थाचालक. त्यांना विमान अख्खं हवं होतं, मैदानात उभं करायला. पुढे संगमरवरी पाटी, त्यावर विमानाचा इतिहास. तुम्ही असता तर आनंदानं दोन घास जास्त जेवला असतात. त्यांची एकच अट होती: विमान कुठलं, कुठं कुठं उडालं, ते लिहून खाली माझी सही.

म्हणून मी चांदीपला गेले. बादलीभर पाणी आणि पॉलिश पेपर घेऊन शेपटीची एक बाजू घासायला बसले. म्हटलं, खालचा जुना, अस्सल नंबर दिसला की फोटो काढून देऊ. तुमच्या रंगाचे थर निघता निघेनात. खांदे भरून आले. आणि शेवटी नंबर निघाला, तो सत्तेचाळीस नव्हताच! आत सीटच्या मागे रिव्हेट मारलेली पत्र्याची पट्टी आहे, तिच्यावरही तोच दुसरा नंबर.

मला काय वाटलं, सांगू? काहीच वाटलं नाही. हात धुतले, दामूच्या बायकोनं भाकरी वाढली ती खाल्ली. घरी आल्यावर मात्र तुमच्या फोटोसमोर उभी राहून म्हटलं, "थापाडे!" एवढंच.

मग साताऱ्याला तुमच्या गुलाबरावांना फोन लावला. तुमच्याच तळावरचे, तुमच्याच कामाचे. त्यांना दोन्ही नंबर सांगितले. त्यांनी ते परत वदवून घेतले. मग म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडं हाय ते शिकवणीचं इमान. जात तीच, पण लढाईत कधी गेलंच न्हाई. आणि सत्तेचाळीस परत आलंच न्हाई. त्यानं सांगितलं न्हाई तुम्हाला?"

नाही सांगितलं.

गुलाबरावांनी सांगितलं मग. विमान उडण्याआधी फिटर ते तपासतो आणि फॉर्मवर सही करतो. ती सही बघून पायलट आपली करतो आणि आत बसतो. त्या सकाळी सत्तेचाळीसच्या फॉर्मवर तुमची सही होती. पायलट तेवीस वर्षांचा. त्याचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते माझ्याआधीपासून पाठ आहे. चौकशी झाली, तुमची काही चूक निघाली नाही. पण त्या दिवशी अंधार पडेपर्यंत तुम्ही धावपट्टीच्या कडेला उभे होतात. गुलाबरावांनी हाताला धरून नेलं तेव्हा हललात.

अहो, इतकी वर्षं मूग गिळून बसलात? माझ्यापाशीसुद्धा? मी काय परकी होते?

घरातून निघताना तुम्ही गॅसचं बटण तीनदा बघायचात. कुलूप ओढून बघायचात. रिक्षा स्टँडपर्यंत आल्यावर मला परत पाठवायचात, इस्त्री बंद केलीय का ते बघायला. मी चारचौघांत तुमची नक्कल करायचे. सगळे हसायचे, तुम्हीही हसायचात. ते हसणं आठवतं आणि माझीच मला लाज वाटते. एकदा सांगितलं असतंत, तर मी दहादा मागे फिरले असते हो!

संस्थाचालकांना खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "काकू, शेपटीवर सत्तेचाळीस लिहिलंय ना? मग बस झालं. कोण चेक करतंय? मुलांना प्रेरणा मिळेल." दामूही म्हणाला, "कोनाला कलतंय, बाय? कर सही. इमान तरी वाचंल."

पेन हातात घेतलंही होतं. विमान वाचणार होतं, तुमचं नाव लागणार होतं. मग वाटलं, त्या मुलाच्या घरचं कुणी कधी ती पाटी वाचायला आलं तर? 'लढाईतून सुखरूप परतलेलं विमान' असं संगमरवरात कोरलेलं? एका सहीसाठी तुम्ही जन्मभर कुलपं ओढत राहिलात आणि मी खोट्यावर सही करू? कागदावर लिहिलं: हे विमान शिकवण्यासाठी होतं, लढाईत गेलं नाही. खाली सही केली आणि फोनवर वाचून दाखवलं. संस्थाचालक म्हणाले, "मग साधं विमान घेऊन आम्ही काय करू?" आणि फोन ठेवला.

म्हणून उद्या भंगारवाला येतोय. रागावलात का माझ्यावर? रागवा. मीही रागावलेय तुमच्यावर, फिटंफाट.

एक करणार आहे. कटरवाला यायच्या आधी पोचेन आणि शेपटीच्या दुसऱ्या बाजूवर उरलेला तुमचा रंग सगळा काढून टाकेन. कापतील ते दुसऱ्या नंबरचं विमान. तुमच्या सत्तेचाळीसला मी पुन्हा पडू देणार नाही.

आणि ऐका. त्या मुलाची बहीण आहे नागपूरला. थकलीय, पण आहे. गुलाबरावांनी पत्ता दिलाय. मी जाणार आहे, हा माझा शब्द. एकटी जाईन, आणि निघताना गॅसचं बटण तीनदा बघेन. तुम्ही तिच्यासमोर कधी उभे राहू शकला नाहीत, मी राहीन. तिनं विचारलं, तुम्ही कोण, तर सांगेन, तुमच्या भावाची अजून वाट बघणारा एक माणूस आमच्या घरात होता. तो चार महिन्यांपूर्वी गेला.

तुमची,
सुमन